शाळेच्या अंगणातले बुटके खांब

वडवणीत आमच्या शाळेची वायरिंग बघणारा वायरमन प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचा आणि कुठल्याही खांबाला आधी हाताची उलटी बाजू लावायचा. "करंट आसला तर तळहात चिकटतो सर, चिकटतो," म्हणायचा.

अंगणातल्या पायवाटेसाठी दिवे निवडताना त्यानं सांगितलं होतं, "फायबरचे घ्या, उजेड खाली पाडणारे घ्या." मला मात्र बोलार्ड म्हणतात ते चकचकीत स्टीलचे बुटके खांब आवडले. मुख्याध्यापक म्हणून मी तेच मागवले आणि ठेकेदाराच्या माणसांनी ते घाईघाईनं बसवले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी धूळ बसावी म्हणून अंगणात पाणी मारलं होतं. पुढाऱ्यांची गाडी फाटकात शिरली, तेवढ्यात वायरमनचा टेस्टर तिसऱ्या खांबावर पेटला. आतली वायर खांबाला टेकली होती आणि अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. पोरं स्वागताला पायवाटेकडं निघाली होती. तो पेटीकडं धावला आणि फ्यूज काढून खिशात घातला.

"लाइट कामून बंद केली रं?" पुढारी गरजले. "बसव फ्यूज!"

"न्हाई बसवत आण्णा, न्हाई बसवत. खांबात करंट हाय. पोरं खांबाएवढीच हायेत."

"मी सांगतोय ना!"

"मग आदी तुमी खांबाला हात लावा."

हे तो एकदाच बोलला. आण्णांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"हे खांब निवडले कुणी?" त्यांनी दरडावून विचारलं.

वायरमन खाली बघत राहिला. माझं नाव त्यानं घेतलं नाही. मी पुढं झालो आणि म्हणालो, "मी."