लाल्याच्या कानातला कापूस

गुरांच्या दवाखान्यात औषधं संपतात, गोष्टी संपत नाहीत. त्यातून आमचा पुसदचा दवाखाना जुन्या कोंडवाड्यात, आणि मी तिथला मलमपट्टी करणारा ड्रेसर. बैलाचा पाय धरता धरता मालक काय काय सांगून जातो! मी त्यात पदरचं फार घालत नाही. चिमूटभर घालतो, मिठाइतकं. हे एकसष्ट-बासष्टच्या दिवाळीतले किस्से मात्र अळणीच आहेत.

दसरा झाला आणि सोनी याडी आली. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. जवळच्या तांड्यातली सगळी तिला तसंच म्हणत. नवरा धनसिंग दोन वर्षांमागं गेला, मूलबाळ नाही. मागं राहिला त्याचा कुत्रा, लाल्या. गेल्या दिवाळीत फटाक्यांना भिऊन तो पळाला, तो फुलसावंगीच्या रस्त्यावर ट्रकखाली येता येता वाचला.

"डाक्टर, यंदा हा गेला तं मी कोणाशी बोलू?"

डॉक्टर नवेच होते. म्हणाले, "कानात कापूस घालू, वरून पट्टी बांधू."

"आधी दुसऱ्या कोणाच्या कुत्र्याले घालून पाहा," याडी म्हणाली.

*

बोलणं चाललं होतं तोवर लाल्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसला होता. त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे येणारं प्रत्येक कुत्रं त्या कोपऱ्याकडे बघायचं, मान वर करून, उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं.

"उंदीर असेल," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, उंदीर खाली असतो," मी म्हणालो.

डॉक्टरांना राग आला. त्यांनी आपली टेबल-खुर्ची उचलून त्याच कोपऱ्यात मांडली. तेव्हापासून कुत्री डॉक्टरांच्या डोक्याच्या जरा वर बघू लागली. डॉक्टर मागं वळून बघत नसत. तेवढं लवकर शिकले.

*

मग वकीलसाहेबांचा मिठू. दिवाळीला आठ दिवस होते तोच गल्लीतल्या कोणी लवंगी माळ लावली आणि त्याची वाचाच बसली. डॉक्टरांनी पिंजरा माजघरात ठेवून वर जुनं लुगडं टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लुगड्याआडून आवाज, "दूध उतू चाललं गं." वकिलीणबाई धावल्या, तर खरंच दूध काठाशी आलेलं. असं रोज होऊ लागलं. वकील खूश, पण बाई पिंजरा घेऊन दवाखान्यात आल्या.

"डॉक्टर, हा माझ्या सासूबाईंचा आवाज आहे. लुगडंही त्यांचंच."

"ऐकून शिकला असेल."

"मिठूला यंदाच्या चैत्रात आणला. त्यांना जाऊन सात वर्षं झाली."

डॉक्टरांनी विचार करून सांगितलं, "लुगडं बदला."

बदललं. मिठू गप्प झाला, आणि त्या घरी रोज दूध उतू जाऊ लागलं.

*

कापसाचा प्रयोग झाला तो वकिलांच्याच टॉमीवर. आमच्या मुलखात कापसाला काय तोटा! सरकी काढलेले दोन बोळे, वर पट्टी. याडीला मुद्दाम वकिलांच्या अंगणात बघायला बोलावलं. शेजारी फटाका उडवला, टॉमीनं डोळासुद्धा उघडला नाही.

जरा वेळानं मात्र तो उठला आणि समोरच्या बंद घराच्या ओट्यापाशी जाऊन बसला. त्या घराला वर्षभर कुलूप. टॉमी एकदा भुंके, थांबे, नीट ऐकू न आल्यासारखी मान कलती करी, मग पुन्हा भुंके.

"कोणाशी बोलून राह्यला तो?" याडीनं विचारलं.

"फटाक्याला भ्यायला नाही ना? मग झालं," डॉक्टर म्हणाले.

तिनं टॉमीकडे बराच वेळ पाहिलं. मग लाल्याला पुढं केलं. डॉक्टरांनी कापूस घातला, पट्टी बांधली आणि बजावलं, "मी सोडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

*

भाऊबीजेला याडी सकाळीच आली. लाल्या सोबत, धडधाकट.

"पळाला नाही ना?" डॉक्टरांची छाती फुगली.

"नाही जी. अमावस्येले सारा तांडा दणाणला, हा पायाशी झोपून."

पण लाल्याच्या कानांवर पट्टी नव्हती. याडीनं ती पदराच्या गाठीतून काढली. चार घड्या घातलेली, आत कापसाचे दोन बोळे.

"कोणी सोडली? मी काय सांगितलं होतं?"

"म्या नाही सोडली. काल धबुकार केला." आमच्याकडे बघून तिनं समजावलं, "पाडव्याले निखाऱ्यावर लापशी अन् तूप टाकतो, गेलेल्या माणसायची नावं घेतो. धनसिंगचं नाव घेतलं. मंग पाणी आणाले आत गेली. भाईर आली तं पट्टी दारात, अशीच घडी घातलेली. अन् लाल्या शेपूट हलवून राह्यलता."

"घरात आणखी कोण होतं?"

याडीनं लाल्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"जास्त बोलला नाही याचा मालक. एवढंच म्हणला, पुढच्या दिवाळीले कापूस घालू नको. मी हाका मारून मारून थकलो, याले ऐकूच येत नाही."