मोटर लावलेलं आकडेमोडीचं मशीन

मशीन मीच पसंत केलं होतं, तेव्हा त्याला शिव्या द्यायचा हक्कही माझाच.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीला लहान धरणांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत मी आकडेमोडीला होते. गणितात बी.एस्सी. केलेली, आणि कचेरीत एकटीच बाई. आमचे साहेब पुण्याकडचे. मी ‘करून राहिली आहे’ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पडू दे म्हटलं, आठीनं बेरीज थोडीच चुकते.

गुणाकारासाठी दोन मशीनं बघायला आली. एक विजेवर चालणारं, पण जुनं, अर्धी बटणं अडकणारी. दुसरं हातानं दांडी फिरवायचं. दांडी एकदा फिरली की आकडा एकदा मिळवला जायचा, दहा झाले की हातचा आपोआप पुढच्या घरात. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मी दांडीवालं घ्या म्हटलं. त्याचा आवाजही मला आवडला होता, जात्यासारखा, पण हलका.

तेव्हाच तेल्हाऱ्याकडच्या एका बांधाचं काम आलं. नकाशा उलगडला आणि गावाचं नाव मी दोनदा वाचलं. नाल्यावर बांधाच्या दोन रेषा होत्या, एक वरची, एक खालची. दोन्हींच्या मधे माझ्या मामाचं वावर, आणि खालच्या रेषेच्याही खाली गाव. माझे वडील लहानपणीच गेले. मामांनीच मला वाढवलं, कॉलेजात घातलं, सगळं त्या काळ्या वावरातल्या कापसावर. बांध खालच्या रेषेवर झाला तर वावर तळ्यात जाणार. वरच्या रेषेवर झाला तर वाचणार, शिवाय पाटाचं पाणीही मिळणार. पण वरच्या रेषेखाली वाळूचा पट्टा होता. तिथून पाणी झिरपून बांधाची माती वाहून नेईल का, एवढंच काढायचं होतं.

मी साहेबांना सरळ सांगितलं, हे माझ्या मामाचं गाव आहे. ते म्हणाले, “मग तुम्हीच करा. चुकलात तर पाणी तुमच्याच माणसांच्या अंगावर येईल. याहून चांगला पहारेकरी मी कुठून आणू?”

कामाची रीत अशी. बांधाखालची जमीन कागदावर चौकटींत पाडायची. प्रत्येक चौकटीत पाण्याच्या दाबाचा अंदाज लिहायचा. मग शेजारच्या चार चौकटी बघून, मातीप्रमाणं गुणाकार करून, तो आकडा सुधारायचा. एक सुधारला की शेजारचे बिघडतात, ते सुधारायचे. असं करता करता आकडे निवत जातात, म्हणजे बदलायचे थांबतात. दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं असायचं, दांडी फिरत असायची, आणि मला कागद दिसेनासा व्हायचा. पाणीच दिसायचं. काळोखात, मातीच्या कणाकणातून, कुणाला न विचारता सरकणारं. त्या पाण्यावरून माझी लहानपणची वाट जायची, मामी डोक्यावर शिदोरी घेऊन पुढं, मी मागं, आणि आमचे पाय भिजत नसायचे. इतकी गुंगी मला पुढं कधी लागली नाही.

पण वरच्या कचेरीला घाई. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. साहेब म्हणाले, मशीनला वेग आणा. शेजारीच कापसातली सरकी काढून रुई करायचं जिनिंग होतं. तिथल्या फिटरनं शिलाई मशीनची मोटर आणून पट्ट्यानं दांडीला जोडली, पायाखाली बटण दिलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा मोटरवरची पुली मोठी केली. पुली बदलली की काम पळतं, हे आमच्याकडं ज्याला त्याला ठाऊक. मशीन पळालं खरं, पण हात लावू नये इतकं तापायला लागलं. मग खिडकीतल्या ओल्या ताटीपाशी टेबल सरकवलं आणि पंखा मशीनकडं तोंड करून ठेवला. सगळे खूश. मी तर हवेत.

आकडे भराभर निवले. बांधाच्या पायथ्याशी दाब अगदी कमी. वरची रेषा चालणार! मला राहवलं नाही. गावाकडं जाणाऱ्या माणसाजवळ मी निरोप धाडला, वावर वाचतंय म्हणून.

मग शेवटची पडताळणी केली. जेवढं पाणी जमिनीत शिरतं तेवढंच पलीकडं निघालं पाहिजे. माझं निघेना. मधेच कुठं तरी गडप होत होतं. मशीन उघडलं, तर आत दातेरी चाकांवर तेलात भिजलेल्या रुईचा थर. हंगाम सरत आला तरी जिनिंग चालूच होतं, आणि आमचा पंखा खिडकीतून उडती रुई ओढून थेट मशीनच्या पोटात घालत होता. त्या वेगात, त्या रुईत, मधूनमधून हातचा पुढं जातच नव्हता. दाब कमी नव्हता, मशीनच तो खात होतं.

मोटर काढली, मशीन धुतलं, आणि पुन्हा सगळं हातानं केलं. या वेळी पाणी जुळलं. पण पायथ्याशी दाब इतका निघाला की तो बांध एक पावसाळा काढता ना. शेवटच्या ओळीचे आकडे मी पक्क्या कागदावर उतरवूच शकेना. मला मशीनचा राग आला, साहेबांचा आला, त्या नाल्याचाही आला.

अशात मामा आले. झोळीभर कैऱ्या घेऊन, निरोपानं हरखलेले. मी त्यांना कचेरीतच सगळं सांगितलं.

मामांनी मशीनच्या दांडीला हात लावून बघितला. मग म्हणाले, “पयले चुकली म्हनतं. मंग आता बी चुकली असन. कावून नाई?”

प्रश्न रास्त होता.

“सरक जराशी. मी फिरवून पायतो.”

मी आकडे लावून दिले. मामा दांडी फिरवू लागले, सावकाश, रहाटाचं पाणी काढावं तसे. मी थांबा म्हटलं की थांबत होते. पायथ्याची ओळ एकेक करून पुरी झाली. आकडे तेच आले.

“हाच व्हय?”

“हाच, मामा.”

“अन् तुमी बांध वरतेच घातला असता, अन् तो फुटला असता, त पानी पयले कोनाकडं आलं असतं?”

“तुमच्या वावरात. मंग गावात.”

त्यांनी दांडीवरचा हात काढला. “म्हंजे दोन्ही हिशोबानं वावर पान्यातच हाय. गाव तरी राहू दे. लिव तू.”

मी लिहायला घेतलं. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं. मामांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि ते टिपून घेतलं, अगदी हलक्या हातानं, आकडा पुसला जाऊ नये म्हणून.