पुठ्ठ्याचा टाइपरायटर

मी माझ्या बायकोला टायपिंग उलटं शिकवलं. पूर्ण उलटं, डावं ते उजवं आणि खालचं ते वर.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी अकोल्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. बायको बार्शीटाकळीची, त्यांच्या वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. सासऱ्यांनी दुसऱ्याच्या वावरात राबून तिला शिकवलं, ते एकाच हट्टापायी: पोरगी कचेरीत खुर्चीवर बसलेली दिसली पाहिजे. टायपिस्टच्या जागा निघणार होत्या आणि परीक्षा अमरावतीला होती. क्लासला जावं तर लेक अंगावर पिणारी. तेव्हा मी जाहीर केलं, "मी शिकवतो तुले. घरबसल्या."

"तुमाले येते?"

"रोज पाह्यतो ना!"

पाहत होतो हे खरंच. पण कुठून? आमच्या कचेरीत टायपिस्टच्या पाठीमागे उभं राहायची मनाई होती, गुप्त कागद असतात म्हणून. मी टेबलाच्या पलीकडून मशीनवर वाकायचो आणि कुठली कळ कुठे ते चिठोऱ्यावर टिपायचो. अक्षरं खाली डोकं वर पाय दिसायची, तेवढी मी हुशारीने सुलटी केली. जागा मात्र दिसल्या तिथेच ठेवल्या.

साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बायकोने एकेका कळीसाठी एकेक गुंडी शिवली. माझ्या जुन्या सदऱ्यांच्या गुंड्या संपल्या तेव्हा नव्याच्याही गेल्या. मी टाचण्या लावून कचेरीत जाऊ लागलो. शिफ्ट, मार्जिन, बॅकस्पेस, टॅब असे टायपिस्टच्या तोंडून उचललेले शब्द घरी मोठ्या ऐटीत फेकायचो. आज नातवाच्या कॉम्प्युटरवर त्यातले काही भेटतात, तेव्हा मी चष्मा पुसायला घेतो.

स्पेस बारची लांब पट्टी आमच्या पुठ्ठ्यावर सगळ्यात वर होती.

"आवो, शब्द संपला का आंगठा इतका वर न्यायचा? बोटं अडकून राह्यली माही."

"सवय होते. साहेब लोकायनं विचार करूनच केलं असन."

आणि तिला सवय झालीही. लेक मांडीवर, भाकर तव्यावर आणि बोटं पुठ्ठ्यावर. मी मजकूर सांगायचो, ती डोळे मिटून गुंड्या दाबायची. एकही चूक व्हायची नाही. तपासणारा मीच होतो.

परीक्षेच्या थोडं आधी आम्ही अमरावतीला तिच्या थोरल्या भावाकडे गेलो. त्याने सरावासाठी एका टायपिंग क्लासात नेलं. खऱ्या मशीनसमोर ती पहिल्यांदाच बसत होती. पदराला हात पुसले, डोळे मिटले आणि लेकीचं नाव टाइप केलं. कागदावर उमटलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं.

मास्तरांनी विचारलं, "बाई, कोणापाशी शिकल्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून पुठ्ठा काढला. मास्तरांनी तो हातात घेऊन गरकन फिरवला आणि असे हसले, की क्लासातली सगळी मशिनं थांबली.

ती हसली नाही. रस्त्यात एवढंच म्हणाली, "बाले काय सांगू मी?"

भावाच्या घरी आल्यावर तिने सगळ्या गुंड्या उसवल्या. मी लेकीला खांद्यावर घेऊन सुईत दोरा ओवून देत राहिलो आणि तिने त्या नव्याने, योग्य जागी शिवल्या. पण बोटांना बसलेलं वळण काही उसवता येत नव्हतं. त्या परीक्षेत ती नापास झाली. पुढच्या खेपेला पास झाली, आणि अकोल्यातच नोकरी लागली.

सासरे बार्शीटाकळीहून तिला खुर्चीवर बसलेली पाहायला आले. धुवट धोतर नेसलेले, पण दारातच थबकले, आत येईनात. त्यांना धीर यावा म्हणून मी पुढे झालो, तिच्या टेबलावरून वाकलो आणि मशीनकडे बोट दाखवत म्हणालो, "पाहा मामंजी, ही शिफ्ट..."

तिने कागदावरची नजर काढली नाही.

"बा, तू आत ये. इकडून, माह्या मांगं उभा राय," ती म्हणाली. "आन् त्याईले पह्यले तिथून हटव. समोरून पाह्यलं का घरी येऊन शिकवतेत."