जावेचा अनवाणी नवस

माझी लेक पोलीस भरतीसाठी पहाटे पळायची. तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून मी मागून पळायला लागले. ती भरती होऊन गेली, माझं पळणं राहिलं. पाहुण्यांकडे मुक्काम पडला की घर उठायच्या आत तिचे जुने बूट घालून मी बाहेर पडायची. पाहुण्यांच्या गावात बाईला दिवसा चूल आणि मांडव सोडून काही दिसत नाही. आष्ट्याला उसामधून पाटाच्या कडेनं जाणारी वाट मला अशीच सापडली. तिच्या टोकाला शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. चुलतसासऱ्यांचं अख्खं आयुष्य आष्ट्यात गेलं, त्यांनाही तो ठाऊक नव्हता.

वाईला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. मी घाटावरून निघाले आणि नदीच्या कडेनं थेट मेणवलीला पोचले. तिथल्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं. पाण्यात पाय सोडून बसले, तशीच पळत परत आले. मांडवात बायका सुपाऱ्या फोडत होत्या. थोरली जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आली बाई! घाटावर कोन वाट बघत हुतं गं?"

बायका हसल्या. मला चारचौघांत तोंड उघडता येत नाही. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. ती मात्र तेवढ्यावर थांबली नाही. घरी आल्यावर तेच माझ्या मालकांच्या कानावर घातलं. मालक म्हणाले, "लोक बोलत्यात. बास झालं पळणं."

दीड वर्ष मी पळाले नाही. भाकरी थापताना रोज जावेचा तो आवाज आठवायचा, आणि शेजारीण विचारायची, "एवढ्या जोरात काय बडवतीस गं?"

यंदा उन्हाळ्यात जावेचा मुलगा फौजेत लागला. औंधच्या यमाईला तिनं नवस बोलला होता, पायथ्यापासून देवळापर्यंत अनवाणी चढेन म्हणून. सगळं घर औंधला मुक्कामाला गेलं. डोंगर बघून मला राहवणार नाही हे मला माहीत होतं. बूट मी पिशवीत ओटीच्या साडीखाली लपवून आणले होते.

पहाटे जाऊ एकटीच निघाली. सोबत कुणी नको, असं तिनंच सांगितलं होतं. थोड्या वेळानं मीही उठले. पायऱ्यांवर तिची गाठ पडू नये म्हणून वस्तीच्या मागून गेले, तर शेरडांची एक बारीक वाट सापडली. डोंगराला वळसा घालून ती गाडीरस्त्याच्या शेवटच्या वळणावर निघते. तिथून सगळं औंध दिसत होतं, कौलांतून धूर निघत होता. घाणेरीच्या झुडपामागे दम खात बसले होते, तेवढ्यात शिटा भरून नेणारी वडापची जीप येऊन थांबली आणि जाऊ उतरली. तिनं चपला काढून पिशवीत घातल्या, बाटलीतलं पाणी कपाळाला आणि मानेला लावलं, पदर जरा विस्कटला आणि देवळाकडे चालायला लागली.

खाली उतरताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

ऊन वर आल्यावर सगळ्यांसोबत मीही जीपनं देवळात गेले. आमच्यात नवस फेडून आलेल्या बाईचे पाय धाकट्या जावेनं धुवायचे असतात. थोरली पाटावर बसली. "खडं लय टोचलं गं बाई. पर देवीनं चढवलं." मी परातीत तिचे पाय धुतले. टाचेला चिमूटभर धूळ, बाकी एक ओरखडा नाही. हळदकुंकू लावायला माझा हात पुढं जाईना.

"लाव की गं," ती म्हणाली, आणि बाकीच्यांकडे बघून, "हिला पळायला सांगा, मग बघा कशी उठती."

सगळे हसले.

"आक्का, तुमच्या चपला पिशवीत हायत," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "वळणावर जीपमधनं उतरलासा."

"खोटं! तू कुठनं बघितलंस?"

हेच अवघड होतं. मालक समोरच उभे होते.

"मी पळत आलते," मी म्हणाले. "मागच्या वाटेनं."

मालकांनी झटकन वर बघितलं. सासूबाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. त्यांनी पिशवी ओढून चपला बाहेर काढल्या. "देवीला फसवतीस व्हय गं? ऊठ. खाली जा आन् पहिल्या पायरीपासनं चढ."

"आवं आत्याबाई, ऊन झालंय आता."

"झालंय की. आन् ही येईल संगं. हिला डोंगर ठावा झालाय." चपला त्यांनी माझ्या हातात दिल्या.

मालकांनीच आम्हाला जीपनं खाली सोडलं. खोलीतून बूट आणून मी त्यांच्यासमोर पायरीवर बसून बांधले. ते नाड्यांकडे बघत राहिले. मग जीपकडे वळले.

दगड चांगलेच तापले होते. जाऊ बोटांवर चालत होती. मी दहा पायऱ्या पळत जायची आणि वळून उभी राहायची. एका झाडाच्या सावलीत ती थांबू म्हणाली, मी थांबले नाही. दया यायला हवी होती, असं कुणी म्हणेल. मला आली नाही.

"चपला दे गं जरा," ती खालून म्हणाली. "हितं कोन बघतंय?"

"मी बघतीया," मी म्हणाले, आणि पुढच्या दहा पायऱ्या पळत चढले.