उपग्रहांची पंगत

आमच्या उंद्रीत मोजणीला येणारा माणूस हातातलं जीपीएस यंत्र बांधावरच्या दगडावर ठेवतो आणि चार पावलं मागे सरतो. आपल्या डोक्यानं आभाळ अडतं, असं त्याचं म्हणणं. "काऊन घाई करता, काकाजी? उपग्रह पंगतीले बसून राह्यले!"

परवा माझी हद्द मोजताना पहिल्या आकड्यात माझी विहीर शेजाऱ्याच्या शेतात गेली. अर्ध्या तासाच्या आकड्यांची सरासरी काढल्यावर ती दोन मीटरनं माझ्याकडे आली. एरवी दुधाचं मापही दोनदा तपासणारा मी लगेच म्हणालो, "लिहा!"

"याची चूकच तीन मीटरची हाय. मोठी मशीन आणल्याबिगर मी लिहीत नसतो."

मी चहा मागवला. यंत्र खिशात घालत तो म्हणाला, "नको. चहानं आकडा गोड होते."