बारा वाजता न गेलेली सावली

ऊर्जानगरच्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी आकाशनिरीक्षणाचा व्हॉट्सॲप गट काढला, तेव्हा प्रवेशासाठी एक फॉर्म पाठवला होता. त्यात तीन चौकोन होते : नवशिका, हौशी, जाणकार. मला सप्तर्षी ओळखता येत होते, साहेबांच्या दुर्बिणीतून शनीची कडी एकदा पाहिली होती, आणि वीस हिवाळे झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक केल्यामुळे आवाज खणखणीत होता. मी ‘जाणकार’वर खूण केली. खलनायकाला संकोच शोभत नाही.

त्याचं फळ मे महिन्यात मिळालं. साहेबांचा निरोप आला : वडशाचे जाणकार या नात्याने शून्य सावलीचा कार्यक्रम तुम्ही करावा. आपल्या भागात वर्षातून दोन दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. त्यातला पहिला दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात होता. मी त्याच संध्याकाळी आमच्या वडशाच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर ही बातमी अशा थाटात सांगितली, जणू सूर्याशी माझंच बोलणं झालं होतं.

टपरीवर माझा मेहुणा बसला होता. बायकोचा थोरला भाऊ, धानाचा व्यापारी. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन त्यात तुकडा, म्हणजे मोडका दाणा, किती ते सांगणारा माणूस, त्यामुळे माझ्यासारख्या मालावर त्याचा विश्वास नाही.

“मंग सावली कुठी जाते जवाईबापू? सुट्टीवर?”

“पायाखाली जाते, भाऊ.”

“मले साठ वर्सांत कधी जाताना दिसली नाई.”

“तुमी त्या टायमाले जेवून झोपता. तिनं काय उठवाले यावं?”

टपरी हसली. मेहुण्याने बशी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत अट घातली. सावली गेली नाही, तर मी या टपरीवर आभाळाचा विषय पुन्हा कधी काढायचा नाही. गेली, तर तो एक तास न उठता माझं शनीपुराण ऐकेल.

वाचणाऱ्याला ही अट किरकोळ वाटेल. पण नाटकाचा हंगाम संपल्यावर आठ महिने माझ्याजवळ रंगमंच असतो तो एवढाच. तोही गेला, तर मी घरी बोलणार, आणि घरी मला कोणी बोलू देत नाही.

ठरलेल्या दिवशी मी शाळेच्या मैदानात मंडपाचा एक पाच फुटी पाइप रोवला. भोंगा लावला आणि सकाळपासून पुकारलं, “बरोब्बर बारा वाजता, आपल्या डोळ्यांदेखत, सावली गायब.” साडेअकराला दीडेकशे माणसं जमली. बायका पदर डोक्यावर घेऊन, पोरं टोपल्या घेऊन. मेहुणा खुर्ची घेऊन.

शाळेच्या संडासाचं बांधकाम चालू होतं. तिथले मिस्त्री, गावातले जुने मुसलमान गवंडी, हात पुसत आले. पाइपाकडे त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं.

“भाऊ, हा तर पिऊन उभा हाय.”

“सरळ तर दिसते, मिस्त्री.”

“तुमाले दिसते.” त्यांनी खिशातून ओळंबा काढला. दोरीला लटकणारं ते पितळी वजन पाइपाशेजारी स्थिर झालं, आणि वरच्या टोकाला पाइप दोरीपासून चांगला दोन बोटं सरकलेला दिसला. मिस्त्रींनी चारी बाजूंनी ओळंबा धरला, बुडाशी खडी ठोकली, पाइप सरळ केला. मी भोंग्यावर हे सगळं आधीपासून ठरलेलं असल्यासारखं वर्णन करत होतो.

बारा वाजले. मेहुण्याने घड्याळ वर धरलं. पाइपाच्या बुडाशी तीन बोटं सावली होती. काळी, ठसठशीत, अजिबात गायब न झालेली.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “बारा तं वाजले, पन कोनाचे वाजले?” भोंग्यापेक्षा मोठा हशा झाला. मेहुण्याने खुर्ची घडी केली. “जवाईबापू, आता आभाळ बंद. पिकापान्याचं बोला.”

रंगमंचावर वाक्य विसरलं की मी मोठ्याने हसून वेळ काढतो. इथे हसूही येईना.

मिस्त्री मात्र पाइपाजवळ उकिडवे बसले होते. “सावली मावळतीकडं पडून राह्यली ना,” ते म्हणाले, “म्हंजे सूर्य अजून उगवतीकडंच हाय. डोक्यावर आलाच नाई. त्याले येऊ तं द्या. काऊन घाई करता?”

मी मोबाइल काढला. साहेबांचा निरोप लांब होता आणि ‘आणखी वाचा’ या शब्दांवर मी तो सोडून दिला होता. आता उघडला. खाली लिहिलं होतं : घड्याळाचे बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत, वडशाला बारा वाजून सात मिनिटांनी पाहावे.

जाणकारांपैकी मी निरोप अर्धा वाचणारा होतो. मिस्त्री कोणत्याच चौकोनात नव्हते आणि त्यांनी निरोप न वाचताच सांगितलं होतं. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटला आनंद. मी भोंगा तोंडाला लावला.

“बसा मंडळी. हा पहिला अंक झाला. दुसरा सात मिनिटांचा हाय.”

मेहुणा खुर्ची न उघडता उभा राहिला. तीन बोटांची अडीच झाली. पोरं पालथी पडून पाहू लागली. दोन झाली. मग दीड. भोंग्याची गरज उरली नाही, लोक स्वतःच मोठ्याने सांगू लागले. एक बोट. नखाएवढी. आणि मग पाइपाच्या बुडाभोवती चहूकडे सारखं ऊन होतं.

दीडशे माणसांनी एकदम आपापल्या पायांकडे पाहिलं. एका आजीने लोटा उभा केला आणि तो उचलून खाली सावली अडकली आहे का ते तपासलं. मिस्त्री म्हणाले, “उद्यापासून दोन महिने दुपारचं ऊन उत्तरेच्या भिंतीले लागन. आमी त्या दिवसांत तिकडं पानी जास्त मारतो, नाई तं पलस्तर फाटते.” सूर्य उत्तरेला सरकतो ही गोष्ट मी पुस्तकातून पाठ केली होती. त्यांनी ती भिंतीवर रोज पाहिली होती.

दुसऱ्या संध्याकाळी टपरीवर उभं राहायला जागा नव्हती. मी शनीवर तासभर बोललो, हातवाऱ्यांसह, आणि मेहुणा अट पाळून जागचा हलला नाही. तास संपल्यावर त्याने विचारलं, “त्या कड्यायची सावली पडते का शनीवर?”

मी तोंड उघडलं. उत्तर रचून सांगणं मला अवघड नव्हतं. पण प्रश्न इतका सुरेख होता की तो वाया घालवायची हिंमत झाली नाही. “माहीत नाई, भाऊ,” मी म्हणालो आणि ऊर्जानगरला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“पडते की,” साहेब म्हणाले, “ग्रहावर बारीक काळी रेघ दिसते. कोणी विचारलं हे?”

मेहुण्याने घसा साफ केला आणि सगळ्या टपरीवरून अशी नजर फिरवली, जणू ती रेघ त्यानेच ओढून ठेवली होती.