‘खाडी’चा तिसरा भाग

आमच्या परेशला सगळ्याची भीती वाटते. कोळ्याच्या पोटी जन्माला येऊन तो समुद्राला भ्यायला, म्हणून बाबांनी शेवटी करंजा बंदरातली होडी आपल्या भावाला देऊन टाकली. तो कुत्र्याला भितो, लिफ्टला भितो, दाराची बेल वाजली तरी दचकतो. मी निशा, त्याची थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे ऐकवायची सवय आहे. आयुष्यभर त्याला एकच ऐकवत आले: भित्यापाठी ब्रह्मराक्षस. पण गेल्या महिन्यात त्याची जी पाचावर धारण बसली, ती बघून मीसुद्धा घाबरले.

परेश न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला आहे. कंटेनरचा नंबर आणि सील हातातल्या यादीशी ताडून बघायचं, हे काम. पंचवीस वर्षांत त्याची एक चूक नाही, कारण चुकायलाही धीर लागतो. पनवेलला घरी आला की तो तेच काम हौसेनं करतो, फक्त जुन्या कम्प्युटर गेम्सचं. इंटरनेटवर एक डेटाबेस आहे. जगभरातले हौशी लोक त्यात जुन्या गेम्सच्या नोंदी करतात: नाव काय, कधी आला, कुणी केला, भाग किती. आपल्याकडून जाणाऱ्या नोंदी तपासून मंजूर करायचं काम परेशकडे आहे. पगार शून्य. ‘लष्करच्या भाकऱ्या’ म्हणते मी.

त्याचा खरा जीव शेअरवेअरवर. त्या काळी गेम भागाभागांत यायचा. पहिला भाग फुकट. कॉपी करा, मित्रांना वाटा. आवडला तर पुढच्या भागांसाठी करणाऱ्याला मनीऑर्डर पाठवायची. त्यामुळे पहिले भाग ढिगानं सापडतात आणि पुढचे सापडता सापडत नाहीत. परेशचे दोन नियम आहेत. पडद्याचं चित्र जसं दिसतं तसंच लावायचं, कापायचं नाही. आणि गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मंजुरी द्यायची नाही. तिसरा नियम डेटाबेसचा: सात दिवसांत तपासणाऱ्यानं हरकत घेतली नाही, तर नोंद आपोआप प्रसिद्ध होते.

त्या सोमवारी तो कामावर गेलाच नाही. कम्प्युटरसमोर बसला होता, चहावर साय धरली होती.

“ताई, मी मेलो,” म्हणाला.

नाशिकच्या माधुरी नावाच्या मुलीला भंगारात एक जुनी हार्ड डिस्क मिळाली होती. तिच्यावर ‘खाडी’ नावाच्या गेमचा दुसरा आणि तिसरा भाग निघाला. सुरू केला की पहिल्याच पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ: ‘ही प्रत परेश आनंदा कोळी यांची’. त्या पडद्यावर दुसरं नाव नव्हतं. त्या पोरीनं सरळ मनानं ‘निर्माता’च्या रकान्यात परेशचं नाव भरलं. वर चिठ्ठी जोडली: ‘सर, इतक्या लोकांचे गेम तपासता, स्वतःच्या गेमबद्दल कधी बोलला नाहीत!’

“तू कधी केलास गेम?” मी विचारलं.

“मी नाय केला. गोरखनं केला.”

गोरख भोईर, नेऱ्याचा, कॉलेजातला त्याचा जिवलग मित्र. १९९८ साली त्यानं हा गेम एकट्यानं लिहिला. जो पैसे पाठवेल त्याचं नाव तो त्याच्या प्रतीच्या पहिल्या पडद्यावर घालायचा, म्हणजे माणूस ती प्रत वाटत सुटणार नाही. मनीऑर्डरचा पत्ता आणि गोरखचं नाव फुकटच्या पहिल्या भागात असायचं, आणि तोच भाग डिस्कवर नव्हता. पहिली मनीऑर्डर आली ती परेशची. पडद्यावर आपलं नाव बघून तो हरखला आणि काशिरामच्या कम्प्युटर क्लासमध्ये दाखवायला घेऊन गेला. काशिराम म्हणाला, फ्लॉपी एक दिवस ठेव. नाही म्हणायची परेशला भीती वाटली. संध्याकाळपर्यंत गेम क्लासच्या वीसही मशीनवर चढला, महिन्याभरात पनवेलभर झाला. मग गोरखला मनीऑर्डर कोण करणार? परेशनं त्याला सांगितलं, फ्लॉपी एसटीत चोरीला गेली. गोरख ‘असू दे’ म्हणाला आणि पुन्हा त्यानं एकही गेम केला नाही. तेव्हापासून लग्नाकार्यात गोरख दिसला की परेश मागच्या दारानं निघतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आता काहीच केलं नाही, तर सात दिवसांनी मित्राचा गेम जगासमोर परेशच्या नावावर लागणार. रकाना दुरुस्त करायचा, तर कारण लिहावं लागणार: तुमचं नाव तिथे कसं आलं? ते कारण सगळ्यांना दिसतं.

मी मास्तरीण असूनही त्याला वाईट सल्ला दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, चित्रातली तेवढी ओळ काप आणि निर्माता अज्ञात म्हणून लिही.

तो एवढा घाबरलेला, पण माझ्याकडे असा बघायला लागला की मलाच लाज वाटली. “पडदा कापायचा नाय, ताई.”

पुढचे दिवस फार वाईट गेले. पानातली भाकरी तशीच उरायची. सकाळी उठून आधी पडद्यावरचा आकडा बघायचा: चार दिवस राहिले, तीन राहिले. अंघोळीला गेला तर पाण्याचा आवाज येईना. आत नुसता उभा होता. मी दार बडवलं. शनिवारी मी त्याला रिक्षात कोंबला आणि नेऱ्याला नेला.

गोरखची तिथे रोपांची नर्सरी आहे. तो पिशव्यांत माती भरत होता. परेश फाटकाशीच थांबला. ततपप करत सगळं एकदाचं बोलला. एसटीचंही बोलला.

गोरखनं हातातली पिशवी भरून पुरी केली. “मना तवाच कललं होतं,” तो म्हणाला. “काशिरामचा प्रिंटर बघाया गेलो होतो. वीस मशीन, वीसांवर तुजं नाव.”

“मग बोलला का नाय?”

“तू सांगशील म्हनून थांबलो.”

मला गोरखचाही राग आला. सत्तावीस वर्षं थांबतं का कोणी?

“तुजी वेबसाइट बघतो मी,” गोरख म्हणाला. “खाडी कदी येते त्याची वाट बघत. तिसरा भाग संपवलास?”

“नाय. उघडलाच नाय परत. भीती वाटायची.”

“मंग नियमानं खेल. शेवटपर्यंत. आनि मंग लिही.” पाण्याचा पाइप उचलून तो रोपांकडे गेला. चहा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवण झाल्यावर परेश खेळायला बसला. एक बारकी होडी, खडक, भरती-ओहोटी. समुद्राला भिणारा माझा भाऊ चार तास ती होडी हाकत होता. किती वेळा बुडाली, गणती नाही. मी शेजारी बसून ‘उजवीकडे घे, मेल्या’ करत होते. उन्हं कलताना होडी धक्क्याला लागली आणि शेवटचा पडदा आला.

‘हा खेळ केला: गोरख भोईर, नेरे. आभार: माझा मित्र परेश. पहिली मनीऑर्डर त्याची आली, म्हणून पुढचे भाग लिहायची हिंमत झाली.’

परेश लहान पोरासारखा रडला. मीही रडले, सांगायला काय जातं.

मग त्यानं नोंद दुरुस्त केली. निर्माता: गोरख भोईर. कारण: ‘पहिल्या पडद्यावरचं नाव निर्मात्याचं नाही, माझं आहे. मित्राला न विचारता मी ही प्रत क्लासमध्ये दिली आणि त्याच्याशी खोटं बोललो.’ एवढं त्यानं न थांबता लिहिलं. पण खाली ‘आभार’चा रकाना होता, तिथे तो अडला.

“हे नको, ताई. हे माज्यानं लिहवत नाय.”

“पडद्यावर काय आहे?” मी विचारलं. “मग नियम काय?”

त्यानं तिथे आपलं नाव लिहिलं. मंजुरीचं बटण मात्र मला दाबायला सांगत होता. मी हात मागे घेतला.

“तुझं तू दाब,” म्हटलं.

दाबलं त्यानं.